बीपीची गोळी, सर्पगंधा आणि रोजचं मीठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 46. ऑफिसच्या तपासणीत बीपी 152/96 निघाला, आठवड्याने परत मोजला तेव्हाही साधारण तेवढाच. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन 40 सुरू करायला सांगितली. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, त्रास म्हणावा असा काहीच नाही. एकदा गोळी लागली की जन्माची लागते, म्हणून ती टाळून आयुर्वेदाने बीपी बरा होईल का? नातेवाइकांनी सर्पगंधाच्या गोळ्या सुचवल्या आहेत, घरात साध्या मिठाऐवजी सैंधव आणलं आहे, आणि घशासाठी ज्येष्ठमधाचा काढा रोज चालू आहे.

आधी सरळ उत्तर देतो. गोळी टाळू नका. ज्येष्ठमध आजच बंद करा. सर्पगंधा आपल्या मनाने सुरू करू नका. सैंधवाने बीपी उतरत नाही. आणि तुमचं वय व तुमचा आकडा बघता, खाणं, वजन, झोप आणि चालणं यांत खरा बदल केलात तर गोळीचा डोस कमी होण्याची, काही जणांच्या बाबतीत ती सुटण्याचीही शक्यता असते. मी वैद्य आहे, आयुर्वेदावर माझी श्रद्धा आहे, आणि म्हणूनच कुठल्या गोष्टीचा उपयोग किती, हे स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं.

"त्रास काहीच नाही" या वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बीपी वाढलेल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढला आणि दुखत नाही म्हणजे बरा आहे, हा हिशेब चुकीचा आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ताण पडत राहतो, त्या जाड आणि कडक होतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो, मूत्रपिंडाची गाळणी झिजते, डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्या बिघडतात, आणि यातलं काहीच दुखत नाही. चाळीस ते सत्तर या वयोगटात 115/75 पासून पुढे वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने चढला की हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. म्हणून हा आजार मोजूनच सांभाळावा लागतो. माझं औषध लागू पडलं की नाही हेसुद्धा मी नाडीवरून ठरवत नाही, यंत्रावरच्या आकड्यावरून ठरवतो.

मोजण्याची रीत नीट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असेल तर आकडा सहज दहाने वर जातो. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली, पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइल बाजूला ठेवा. पट्टा उघड्या दंडाला गुंडाळा, शर्टाच्या बाहीवरून नको, आणि हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटाच जास्त दिसतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तरीही जास्त दिसतो. मोठा पट्टा मागून घ्या. मोजताना बोलू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून पाहा आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात धरा. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावरचं यंत्र घ्या.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि रात्री जेवणाच्या आधी, असं सात दिवस मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ही सीमा धरतात, घरी मोजताना 135/85. दवाखान्यात वाढलेला आणि घरी बरोबर असे लोक असतात, तसेच दवाखान्यात बरोबर आणि घरी वाढलेला असेही असतात. हे दुसरे लोक जास्त धोक्यात असतात, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. ही वही घेऊन आलेल्या रोग्याला मी पाच मिनिटांत जेवढं नेमकं सांगू शकतो, तेवढं वही न आणणाऱ्याला अर्ध्या तासातही सांगता येत नाही.

आता आयुर्वेदाकडे वळतो. संहितांमध्ये उच्च रक्तदाब नावाचा स्वतंत्र व्याधी सांगितलेला नाही. असायचं कारणही नाही, दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची सोय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. आजचे वैद्य याला कुणी रक्तगत वात (रक्तात शिरून बिघडलेला वात) म्हणतात, कुणी व्यानाचा आवरणजन्य विकार (व्यान वायूची वाट अडल्याने होणारा) म्हणतात, कुणी पित्ताचा संबंध जास्त मानतात. नावाचा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. रस-रक्ताला अंगभर सतत फिरवत ठेवणारा तो व्यान वायू, हे चरकांनी स्वच्छ सांगितलं आहे, आणि तो बिघडवणारी कारणं ओळखीचीच आहेत: जागरण, चिंता, अवेळी आणि अति खाणं, बसून राहणं, खारट-तिखटाचा अतिरेक, लघवी-शौचासारखे वेग अडवून धरणं. निदान-परिवर्जन म्हणजे कारण काढून टाकणं ही आपल्याकडची पहिली चिकित्सा. औषध त्यानंतर येतं. पण आयुर्वेद म्हटलं की लोक थेट औषधाचं नाव विचारतात आणि पहिली पायरी ओलांडून जातात.

त्या कारणांत मी मीठ सगळ्यात वर ठेवतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात तीन द्रव्यं अति वापरू नका असं सांगितलं आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ. मिठाचा अतिरेक करणाऱ्या प्रदेशांची नावं तिथे दिली आहेत आणि हे लोक दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, असंही नोंदवलं आहे. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. ज्यांना याची सवय झाली आहे त्यांनी ती एकदम तोडू नये, हळूहळू कमी करावी. हे अगदी व्यवहारात उतरणारं आहे. एका रात्रीत अळणी जेवायला लागलेला माणूस चौथ्या दिवशी लोणच्याची बरणी उघडतो. दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं तर महिना-दोन महिन्यांत जीभ बदलते आणि पूर्वीचं जेवण खारट लागायला लागतं.

किती मीठ? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, सगळं धरून. त्यात भाजी-आमटीतलं आलं, पोळी-भाताच्या पाण्यातलं आलं, आणि लोणचं, पापड, चटण्या, फरसाण, ब्रेड, बिस्किटं, सॉस, पाकिटातले नूडल्स यांतलंही आलं. बेकिंग सोडा आणि पापडखारातही सोडियमच असतं. घरात करायला सोपा उपाय सांगतो: आठवड्याचं मीठ माणशी मोजून वेगळ्या डब्यात काढा आणि तो डबा कधी संपतो ते बघा. बहुतेक घरांत तो शनिवारच्या आत संपतो. तिथे भांडण करण्यापेक्षा जेवताना वरून घ्यायचं मीठ, पापड आणि लोणचं या तीन गोष्टी आधी पानातून काढा. लिंबू, आमसूल, जिरं, आलं, लसूण, कोथिंबीर यांनी चव भरून निघते.

सैंधवाचं काय? ग्रंथात मिठांमध्ये सैंधव हितकर म्हटलं आहे, ते बरोबर. पण ती तुलना मिठांमधलीच आहे. सैंधवसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. चमचा तेवढाच राहिला तर बीपीवर परिणाम तोच. उलट "हे तर सैंधव आहे" म्हणून लोक हात सैल सोडतात, आणि आयोडीनही पोटात जात नाही. दुसरीकडे "कमी सोडियमचं मीठ" म्हणून विकलं जातं त्यात बराचसा भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. ते अनेकांना उपयोगी पडतं, बीपी उतरवतं. पण तुमची टेल्मिसार्टन ही गोळी शरीरात पोटॅशियम राखून ठेवते. मूत्रपिंड कमजोर असेल आणि वरून हे मीठ घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारूनच ते घ्या.

ज्येष्ठमधाबद्दल मी आग्रहाने बोलतो, कारण ते गोड, सौम्य आणि घरगुती असल्याने त्यावर कुणाचा संशय जात नाही. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. शरीरातलं कॉर्टिसॉल हे हॉर्मोन निकामी करून मूत्रपिंडाला त्यापासून वाचवणारं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याला ग्लिसिरायझिन अडवतं. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडावर आल्डोस्टेरॉन या मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या हॉर्मोनसारखं काम करायला लागतं, सोडियम आणि पाणी साठतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं आणि बीपी चढतो. घसा बसला म्हणून दोन-तीन दिवस तुकडा चघळणं वेगळं आणि महिनोन्महिने रोज काढा पिणं वेगळं. खोकल्याच्या बऱ्याच आयुर्वेदिक सिरपांत, चाटणांत आणि आम्लपित्तावरच्या चूर्णांतही ते असतं. लेबलवर यष्टिमधु किंवा मुलेठी असं लिहिलेलं असतं. काढा बंद केल्यावर परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात. तुमचा 152 हा आकडा काढा चालू असतानाचा असेल, तर हे डॉक्टरांना नक्की सांगा. गोळीचा पुढचा निर्णय यावरसुद्धा अवलंबून आहे.

अशाच लपलेल्या आणखी गोष्टी म्हणजे गुडघे-कंबरदुखीसाठी रोज घेतली जाणारी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टिरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या, दारू आणि तंबाखू. संधिवातावरच्या बिनलेबलच्या "जादूच्या पुड्यांत" स्टिरॉइड मिसळलेलं निघतं, ते बीपी आणि साखर दोन्ही वाढवतं.

सर्पगंधाचा इतिहास सांगायलाच हवा. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये तिचा मानसिक आजार आणि वाढलेला रक्तदाब यांवरचा उपयोग प्रसिद्ध केला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपले रोगी मांडले आणि सगळ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रेसर्पिन हे कामाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. म्हणजे बीपीच्या सुरुवातीच्या प्रभावी औषधांपैकी एक आपल्या मुळीतून निघालं, याचा मला अभिमान आहे. पण जे औषध खरोखर काम करतं त्याचे दुष्परिणामही खरे असतात. रेसर्पिन चेतातंतूंच्या टोकांमधला नॉरअॅड्रिनालिन, सेरोटोनिन, डोपामिन यांचा साठा रिकामा करतं. त्यामुळे बीपी उतरतो, पण नाक चोंदतं, सुस्ती येते, नाडी मंदावते, पोटातलं आम्ल वाढतं, आणि काहींना खोल नैराश्य येतं. परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो रेंगाळतो. ज्यांना नैराश्य, जठरव्रण, पार्किन्सन किंवा अपस्मार आहे, ज्या गरोदर आहेत, किंवा ज्यांना नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांना मी सर्पगंधा देत नाही. मुळीत रेसर्पिन किती, हे जागा आणि वयाप्रमाणे बदलतं, म्हणून एका कंपनीची गोळी दुसऱ्या कंपनीच्या गोळीसारखी निघेलच असं नाही. टेल्मिसार्टन चालू असताना कुणाच्या सांगण्यावरून त्यात सर्पगंधाची भर घातली, तर बीपी कशाने उतरला आणि चक्कर कशाने आली हे कुणालाच सांगता येणार नाही.

बाकी औषधांबद्दल माझं मत. अर्जुनसालीचा क्षीरपाक (दुधात उकळलेला काढा) हृदयाला बल देणारा म्हणून मी वापरतो, पण केवळ त्याने 152 चा 130 होईल असं मी कुणाला सांगत नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी यांनी झोप आणि मन स्थिर व्हायला मदत होते, आणि झोप सुधारली की बीपीलाही थोडा हातभार लागतो. गोक्षुर आणि पुनर्नवा सौम्य मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, आहेत. आधीच लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सांभाळून. लसणाने थोडा फरक पडतो असं दिसलं आहे, पण रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर लसणाच्या कॅप्सूल विचारून घ्या, जेवणातला लसूण चालेल. धातूंची भस्मं आणि रसौषधी (पारा-धातूंपासून केलेली औषधं) माहितीतल्या, परवानाधारक औषधालयाच्या असाव्यात आणि वैद्याच्या देखरेखीत घ्याव्यात. 2008 मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत सुमारे पाचवा हिस्सा उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि शिसं स्वतःच बीपी वाढवतं. अभ्यंग आणि शिरोधारेने मन शांत होतं, त्या दिवशीचा आकडाही उतरतो. तेवढ्यावर गोळी कमी करायची नसते. विरेचन (औषधाने जुलाब देऊन शुद्धी) करायचं असेल तर चालू गोळ्यांची यादी वैद्याला आधी द्या. जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन घेतली तर बीपी फार खाली जाऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

आता ज्यावर माझा खरा भरवसा आहे ते. वजन जास्त असेल तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एकने उतरतो. पाच-सहा किलो म्हणजे चांगलीच घट. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या गतीने. भाज्या, फळं, डाळी, साय काढलेलं दूध-ताक जास्त, तळलेलं-गोड कमी, अशा जेवणाने वाढलेल्या बीपीत वरचा आकडा सरासरी 11 पर्यंत उतरतो हे 1997 च्या डॅश अभ्यासात दिसलं. ताकात मीठ घालू नका, एवढं मात्र पाळा.

झोपेकडे मी हल्ली फार बारकाईने बघतो. निरोगी माणसाचा बीपी रात्री झोपेत दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरतो. जागरण करणाऱ्याच्या हृदयाला ती विश्रांती मिळत नाही. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर, झोपेची वेळ ठरलेली. आणि घरातल्या माणसाला विचारा: मी मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास थांबून दचकून उठतो का? उत्तर हो असेल, दिवसा पेंग येत असेल, तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. हे राहून गेलं तर काढे आणि गोळ्या दोन्ही तोकडे पडतात.

श्वासाचा अभ्यास जरूर करा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, उच्छ्वास लांब, दहा-पंधरा मिनिटं, रोज. अनुलोम-विलोम कुंभक (श्वास रोखणं) न करता, आणि भ्रामरी. बीपी आटोक्यात येईपर्यंत भस्त्रिका, जोरातली कपालभाती, श्वास रोखून धरणं आणि शीर्षासन नको. शौचाला कुंथणं टाळा, लघवी अडवून धरू नका. अधारणीय वेगांचा, म्हणजे अडवू नयेत अशा वेगांचा, अध्याय बीपीच्या माणसाने पाठ करावा असा आहे.

डॉक्टरांकडून क्रिएटिनीन, पोटॅशियम, लघवीतली प्रथिनं, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढं करून घ्या. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम परत बघतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिला ही गोळी कधीही देऊ नका, गर्भाला अपाय होतो. आकडा 180/120 च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं किंवा अचानक दिसेनासं होणं यातलं काहीही असेल, तर काढा नको, प्राणायाम नको, थेट रुग्णालय. जिभेखाली निफेडिपिन (बीपी झटकन उतरवणारं औषध) फोडून देण्याची जुनी पद्धतही नको. बीपी एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

गोळी कधी सुटेल, याचं उत्तर तुमची वही देईल. मीठ, वजन, चालणं, झोप हे तीन ते सहा महिने नीट सांभाळलं, घरचे आकडे सतत 120-125 च्या आसपास राहायला लागले किंवा उठताना डोकं हलकं व्हायला लागलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डोस कमी करण्याबद्दल विचारा. आधी 40 ची 20, मग चार-सहा आठवडे मोजणं, मग पुढचा विचार. तुमची गोळी सोडल्यावर बीपी एकदम उसळत नाही, पण मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल किंवा क्लोनिडीन चालू असलेल्या कुणी हे वाचून एकदम गोळी सोडू नये. बीपी उसळी मारतो, छातीत दुखू शकतं. मधुमेह असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा हृदयाचा आजार होऊन गेला असेल तर टेल्मिसार्टन फक्त आकड्यासाठी नसते, मूत्रपिंड आणि हृदय राखण्यासाठी असते, मग आकडा उतरला तरी ती चालू ठेवावी लागू शकते. आणि सुटली तरी पहिले तीन महिने आठवड्यातून दोन दिवस, नंतर महिन्यातून एक आठवडा मोजत राहा. वजन परत चढलं, पापड-लोणचं परत पानात आलं, की आकडा चढलेला वहीत आधी दिसतो. तो दिसला की वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.